लोंबलेले अस्तर आणि भुसा झालेला फोम

या महिन्यात वाहनविषयक सदरासाठी आलेल्या पत्रांतली चार पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत : गाडीच्या टपाला आतून लावलेले कापड, म्हणजेच रूफ लायनिंग. इंजिनाच्या तक्रारी मेकॅनिककडे जातात, टायरच्या पंक्चरवाल्याकडे; या कापडाचा मात्र कोणी धनी नसतो. म्हणून चारही पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी हॅचबॅक चौदा वर्षांची असून यांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. गेल्या पावसाळ्यापासून टपाचे कापड मागच्या बाजूने सुटू लागले आणि आता ते मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागते. काच उघडी ठेवून महामार्गावर गेलो की ते शिडासारखे फुगते. तूर्त टाचण्या लावून ठेवल्या आहेत. ओळखीच्या सीट कव्हरवाल्याने इंजेक्शनच्या सुईने कापडामागे सोल्यूशन सोडून हाताने दाबून घ्या, असे सांगितले. तसे केले तर चालेल का, की सगळे कापड घरी बदलता येईल? (वाचक, चिपळूण)

उत्तर : घरी बदलता येईल, दोन सुट्टीचे दिवस, एक सावलीची पण हवेशीर जागा आणि हाताखाली एक माणूस एवढे हवे. सुईने सोल्यूशन सोडण्याचा उपाय मात्र करू नये. तो का करू नये हे कळण्यासाठी कापडाच्या सुटलेल्या काठाला मागून बोट फिरवून पाहा. बोटाला ओलसर गुळाच्या भुकटीसारखा तांबूस, चिकट चुरा लागेल. हा चुरा म्हणजे एकेकाळचा फोम.

या अस्तराचे तीन थर असतात. पत्र्याच्या बाजूला साच्यात दाबून घडवलेला कडक पुठ्ठा, आपल्या बाजूला विणीचे पातळ कापड आणि या दोहोंच्या मध्ये साधारण तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम. कारखान्यात फोम आणि कापड आधीच एकजीव केलेले असतात आणि ते पुठ्ठ्यावर चिकटवले जाते. टपाचा पत्रा उन्हात तापतो, फोम त्याच्या अगदी जवळ असतो आणि कोकणातल्या हवेतले बाष्प त्यात वर्षानुवर्षे मुरत राहते. उष्णता आणि बाष्प यांच्या जोडीने फोममधल्या रासायनिक साखळ्या तुटत जातात आणि एके दिवशी त्याचा भुसा होतो. म्हणजे मूळचा गोंद फसलेला नसतो. तो पुठ्ठ्याला घट्ट असतो आणि कापडालाही घट्ट असतो. मधला थरच मेलेला असतो. अशा जागी सुईने सोल्यूशन सोडले, तर कापड भुशाला चिकटते, भुसा कशालाच चिकटलेला नसतो, आणि सोल्यूशन कापडातून झिरपून बाहेरच्या बाजूला जे काळपट ठिपके उमटतात ते पुढे कशानेही जात नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या गाडीचे कापड मी स्वतः बदलले, तेव्हा जुने कापड ओढून काढल्यावर पुठ्ठ्यावर राहिलेला चुरा कोरड्या फडक्याने पुसला आणि त्यावरच नवे कापड लावले. फेब्रुवारीत काम सुरेख दिसत होते. मेच्या पहिल्या आठवड्यात कापड पुन्हा खाली आले आणि या खेपेस त्याच्या पाठीला जुना चुरा पापुद्र्यासारखा चिकटलेला होता. तेव्हापासून माझे मत झाले आहे, की या कामाचा बारा आणे भाग घासण्यात आहे आणि चार आणे चिकटवण्यात.

प्रथम पुठ्ठा गाडीबाहेर काढावा लागतो. गाडीत बसून, मान वर करून हे काम नीट होत नाही. सन व्हायजर, हाताने धरायची हँडले, कोट अडकवायचे आकडे आणि केबिन लाइट हे सगळे स्क्रूवर किंवा क्लिपवर असते. स्क्रू बहुधा छोट्या प्लास्टिकच्या झाकणीखाली लपलेले असतात. दिवा काढण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. दारांच्या चौकटीवरचे रबरी बीडिंग वरच्या भागात हाताने ओढून मोकळे करावे, कारण पुठ्ठ्याची कड त्याच्याच खाली दाबलेली असते. त्यानंतर खांबांवरची, म्हणजे टप पेलणाऱ्या काचांच्या कडेच्या उभ्या पट्ट्यांवरची, प्लास्टिकची आवरणे निघतात. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याऐवजी प्लास्टिकची पातळ पट्टी वापरावी आणि काम सकाळच्या गारव्यात न करता गाडी जरा उन्हात तापल्यावर करावे. ऊब लागलेली क्लिप सहसा तुटत नाही. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवून वाटीवर चिठ्ठी लावावी. शेवटी पुढच्या सीटच्या पाठी पूर्ण मागे झोपवून, दोघांनी दोन टोकांना धरून पुठ्ठा मागच्या दारातून काढावा. हॅचबॅक असल्याने हे तुम्हाला सोपे जाईल. सेदान गाडीत तो पुढच्या दारातून तिरका काढावा लागतो. पुठ्ठा वाकवू नये. एकदा मोड पडली, की ती नव्या कापडातूनही दिसते.

पुठ्ठा दोन बाकांवर किंवा जुन्या गादीवर पालथा न घालता, कापडाची बाजू वर ठेवून पसरावा. कापड एका कोपऱ्यातून धरून ओढले की बहुतेक आपोआप सुटून येते. ते फेकू नये. नव्या कापडाचा माप घेण्यासाठी आणि भोके कोठे आहेत हे पाहण्यासाठी ते लागते. आता उरतो तो चुरा. तो काढण्यासाठी कपडे धुण्याचा ताठ केसांचा नायलॉनचा ब्रश सर्वांत चांगला. तारेचा ब्रश पुठ्ठ्याचे तंतू उकलतो आणि पाण्याने पुठ्ठा फुगतो, म्हणून दोन्ही टाळावेत. गोलगोल न घासता एकाच दिशेने हलक्या हाताने घासत जावे, मधून मधून चुरा व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ झाडूने काढावा आणि खोलगट जागा, म्हणजे व्हायजरच्या व दिव्याच्या खाचा, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ कराव्यात. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा अवश्य हवा. हा चुरा घामाला चिकटतो आणि दिवसभर खाजवत राहतो. तळहात पुठ्ठ्यावरून फिरवल्यावर हाताला काहीही लागले नाही, की घासणे संपले असे समजावे. त्यापूर्वी संपले असे वाटते, पण ते संपलेले नसते.

पुठ्ठ्याला चीर असेल तर मागच्या बाजूने, म्हणजे पत्र्याकडील अंगाला, फायबर ग्लासच्या जाळीची पट्टी राळेने (रेझिनने) चिकटवून एक रात्र वाळू द्यावी.

कापड आणताना दुकानात ‘फोम लावलेले रूफ लायनिंगचे कापड’ असे स्पष्ट मागावे. फोमविरहित कापड, पडद्याचे कापड किंवा जुनी चादर यांवर समाधान मानू नये, कारण त्यांतून सोल्यूशन वर येते आणि पुठ्ठ्यावरची बारीकशी खरवडही दिसते. पुठ्ठ्याची लांबी आणि रुंदी मोजून प्रत्येक बाजूला किमान चार इंच जास्त धरावे; खोल खाचांत कापड खर्ची पडते हे लक्षात येत नाही. कापडाचा पन्हा पुठ्ठ्याच्या रुंदीला पुरतो की नाही हे दुकानातच पाहावे, जोड देण्याची वेळ येऊ नये.

सोल्यूशनची निवड ही दुसरी नाजूक गोष्ट. लाकडाला लावतात तो पांढरा फेविकॉल येथे उपयोगी नाही. बंद गाडी उन्हात उभी असली की टपाजवळचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते आणि हस्तकलेच्या दुकानात मिळणारे साधे स्प्रेचे डबेही तेथे ढिले पडतात. रबरावर आधारलेले, दोन्ही पृष्ठांना लावून वाळवायचे आणि उष्णता सोसणारे सोल्यूशनच घ्यावे; डब्यावर तापमानाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचावी. ते ब्रशने थापू नये. ब्रशच्या रेघा फोममधून वर दिसतात आणि जास्त झालेले सोल्यूशन फोममध्ये शिरून तो भाग कडक होतो. लहान रोलरने, किंवा गाडीच्या कुशनवाल्याकडून भाड्याने मिळाल्यास स्प्रे गनने, पातळ थर द्यावा. याची वाफ पेट घेणारी असते आणि डोके जड करते, त्यामुळे काम उघड्यावर करावे. गॅसची शेगडी, सिगारेट, इतकेच काय मच्छर अगरबत्तीसुद्धा जवळपास असू नये.

आता प्रत्यक्ष लावणे. कापड पुठ्ठ्यावर मध्यभागी नीट अंथरून त्याचा पुढचा अर्धा भाग मागे दुमडावा. उघड्या पडलेल्या अर्ध्या पुठ्ठ्यावर आणि दुमडलेल्या कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे सोल्यूशन लावावे आणि बोट लावल्यास चिकट वाटेल पण बोटाला काही येणार नाही इतके वाळू द्यावे. या थांबण्यातच लोकांचा धीर सुटतो. मग एकाने कापडाचे टोक उचलून धरावे आणि दुसऱ्याने घडीच्या रेषेपासून बाहेरच्या दिशेने, पोळी थापावी तशा हलक्या तळहाताने, वीतभर वीतभर कापड बसवत यावे. खाच आली की कापड तिच्यावरून ताणून पुढे जाऊ नये. आधी खाचेच्या तळाशी बोटांनी बसवावे आणि मग तिच्या कडा चढून वर यावे. ताणून लावलेले कापड पहिल्या उन्हाळ्यात खाचेतून उचलले जाते आणि तेथे पोकळ फुगा राहतो. जोराने दाबू नये, कारण फोम दबून तेथे कायमचा चट्टा पडतो. पुढचा अर्धा भाग झाला की मागचा तसाच करावा.

चोवीस तास हात लावू नये. नंतर कडेला एक इंच कापड राखून उरलेले कापावे आणि तो इंच मागे वळवून चिकटवावा. दिव्याच्या व हँडलच्या भोकांवर ब्लेडने फुलीसारखी चीर द्यावी, गोल कापू नये. चिरेचे चार पाकळ्यांसारखे तुकडे आत वळवून चिकटवले, की भोकाची कड सुटत नाही. ही भोके कापड लावण्यापूर्वी मोजून कापण्याचा मोह होतो. कापड अर्धा इंच जरी सरकले, तरी दिव्याच्या चौकटीशेजारी कायमची फट राहते.

एक सूचना खास चिपळूणसाठी. हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. सोल्यूशनमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर अदृश्य दवासारखे बसते. वरून वाळल्यासारखे दिसते पण पकड येत नाही. दिवाळीनंतरचा कोरडा आठवडा निवडावा. तोपर्यंत लोंबलेले कापड काढून टाकून नुसत्या पुठ्ठ्यावर गाडी चालवली तरी चालेल, चुरा मात्र आधी घासून काढा. टाचण्या आजच काढा. अचानक ब्रेक लागला, तर डोक्यावरची टाचणी कोठे जाईल हे सांगता येत नाही.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी पूर्ववत करीत आहे. तिच्या टपाला पुठ्ठा नाही. पांढरे रेक्झिन आडव्या तारांवर ताणून बसवलेले आहे. ते पिवळे पडून शिवणीत फाटले आहे. पद्धत हीच का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि तुमचे काम अधिक जुन्या वळणाचे, माझ्या मते अधिक सुंदर आहे. येथे चिकटवण्यापेक्षा शिवणकामाला महत्त्व आहे. रेक्झिनच्या पाठीला ठरावीक अंतरावर कापडी नाडीच्या नेफ्यासारख्या पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यांतून पोलादी तारा जातात आणि तारांची टोके टपाच्या दोन बाजूंच्या भोकांत बसतात. सगळ्या तारा दिसायला सारख्या, पण त्यांचा बाक सारखा नसतो. म्हणून काढतानाच प्रत्येक तारेला पुढून मागे असा क्रमांक देऊन तिचे डावे टोक कोणते याची खूण करावी, आणि एकाच बाजूला एकाहून अधिक भोके असतील तर तार कोणत्या भोकात होती याचे छायाचित्र घ्यावे. माझ्या माहितीतल्या एका सद्गृहस्थांनी हे न केल्याने टपाला मध्येच उंटासारखे मदार आले आणि चार दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. गंजलेल्या तारा घासून त्यांना रंग द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात नव्या पांढऱ्या रेक्झिनवर तांबड्या रेघा उमटतील.

जुने रेक्झिन शिवण उसवून सपाट करावे आणि तेच बेतण्यासाठी वापरावे. मात्र ते आटलेले असते, म्हणून कडेने भरपूर जास्तीचे ठेवावे. नेफ्यांमधले अंतर मात्र जुन्याप्रमाणे तंतोतंत हवे. हे शिवण्यासाठी घरचे मशीन पुरत नाही. सीट शिवणाऱ्याकडून एवढे काम करून घेण्यात कमीपणा नाही. बसवताना आधी सगळ्या तारा अडकवाव्यात, मग पुढची आणि मागची कड काचेच्या चौकटीला सोल्यूशन लावून व कपड्याच्या चिमट्यांनी धरून घ्यावी आणि शेवटी दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या ओढाव्यात. एक बाजू पूर्ण ओढून मग दुसरीकडे वळलात, तर शिवणी तिरक्या होतात. बारीक चुन्या राहिल्याच तर घाबरू नये. गाडी काचा लावून दुपारच्या उन्हात दोन तास ठेवली, की रेक्झिन सैल पडते आणि पुन्हा ओढून घेता येते. पुढची व मागची काच काढलेली असतानाच हे काम केल्यास कड रबराखाली नीट जाते. तुम्ही रंगकाम करणारच असाल तर क्रम तसा लावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. त्या टॅक्सींच्या टपाला चालक आवडीने फुलाफुलांचे, नक्षीचे प्लास्टिक किंवा कापड लावत. तुम्हाला मोह होत असल्यास माझी हरकत नाही, पण वडिलांची गाडी पांढऱ्यातच शोभेल.

प्रश्न : सनरूफ असलेल्या गाडीच्या छताच्या कापडावर पुढच्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा डाग पडला असून कुबट वास येतो. कापड सुटलेले नाही. ते धुता येईल का? (वाचक, पणजी)

उत्तर : धुण्याआधी पाणी कोठून येते ते शोधा, नाहीतर डाग महिन्याभरात परत येईल. सनरूफ पूर्णपणे पाणीबंद असते ही समजूत चुकीची आहे. काचेच्या कडेने आत आलेले पाणी भोवतीच्या पन्हाळीत जमावे आणि तेथून कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खांबांतून गाडीखाली जावे, अशी तिची रचनाच असते. पन्हाळीत आंब्याचा मोहर, पाने आणि धूळ साचली की नळी तुंबते आणि पाणी पुठ्ठ्यावर सांडते. सनरूफ उघडून कोपऱ्यात अर्धी वाटी पाणी हळूहळू ओता. ते चाकाजवळ खाली पडताना दिसले पाहिजे. पडत नसेल तर मासे गळाला लावायची जाड तंगूस नळीत हळुवार सारून ती मोकळी करा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, कारण आतल्या आत नळी तोंडावरून निखळते आणि मग खरोखरच छत उतरवावे लागते.

त्यानंतर दारे उघडी ठेवून गाडी दोन-तीन दिवस वाळू द्या. डागावर पाणी किंवा साबण ओतू नये. भिजलेला फोम कापडापासून सुटतो. सीटसाठी मिळणारा फेसाचा क्लीनर फडक्यावर घेऊन, फक्त फेसच कापडाला लावावा आणि स्वच्छ ओलसर फडक्याने एकाच दिशेने टिपून घ्यावा. घासू नये. डागापुरते न करता एका शिवणीपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा संपूर्ण भाग करावा, अन्यथा स्वच्छ गोल तेवढा उठून दिसतो. एवढे करूनही वास राहिला, तर पुठ्ठ्यात बुरशी धरली आहे असे समजून तो बदलणे बरे.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात टपाचा ताप सहन होत नाही. छताचे कापड उतरवून आत चंदेरी उष्णतारोधक पत्रा स्वतः लावावा असा विचार आहे. गाडीला सहा एअरबॅग आहेत. (वाचक, नागपूर)

उत्तर : शेवटचे वाक्य तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. सहा एअरबॅग म्हणजे त्यांतल्या दोन पडद्यासारख्या, दारांच्या वर, छताच्या कडेला घडी घालून ठेवलेल्या असतात. अपघाताच्या क्षणी त्या छताच्या अस्तराची कड खाली ढकलून बाहेर पडतात. तेथील क्लिप बदलली, कडेला जाड थर भरला किंवा अस्तर पत्र्याला चिकटवून टाकले, तर पडदा उघडण्यात अडथळा येईल. म्हणून तुमच्या गाडीचे छत उतरवणे आणि परत बसवणे हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावे आणि पिवळ्या रंगाच्या जोडण्यांना स्वतः हात लावू नये. चिपळूणच्या वाचकांना दिलेली कृती तुम्हाला लागू नाही.

छत उतरलेले असताना मधल्या मोकळ्या पत्र्यावर काम करता येते. डांबरी शीट घेऊ नका, ती विदर्भाच्या उन्हात मऊ होऊन वास मारते आणि गळते. ब्यूटाइल रबराची शीट पत्र्याचा थरथराट कमी करते, उष्णता फारशी अडवत नाही. थरथराटासाठी पाव ते एक तृतीयांश पत्रा झाकला तरी पुरतो. ताप अडवण्याचे काम बंद छिद्रांच्या, पाणी न शोषणाऱ्या फोमचे आहे, त्याची जाडी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा अधिक नको, नाहीतर छत परत बसणार नाही. पत्र्याचे आडवे टेकू, वायरी आणि कडेपासूनचा वीतभर भाग मोकळा ठेवावा. काम मेमध्ये करायचेच असेल तर पहाटे सहाला सुरू करा. नऊनंतर तापलेल्या पत्र्यावर शीट एकदा टेकली की उचलून पुन्हा सरळ लावता येत नाही.